रिकाम्या गावातून आलेला इशारा

डालग्याखाली एक कोंबडी. डालगं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, ट्रॉली वेशीबाहेर.

*

नियम म्हणजे एक ओळ. कुठून आलं, कुठे चाललं, त्यात काय दिसलं की बोलायचं. बाकी वेळ गप्प राहायचं.

*

कुडाळात एका खोलीला नवा रंग दिलाय. खिडकीजवळ खाट. खाटेवर अजून कोणी झोपलेलं नाही.

*

खाडयेक भरती इली, होडयेक जाग इली,
माझ्या मायेच्या दारात चांदणी थांबली.

*

"दुपारी कणकवलीचो माणूस येतलो. तवसर कपाटाक कोणी हात लावूचो नाय."

*

"आनंदी गेली ती गेली. पण तिचो आवाज कसो जाता, गो? तो मशिनीत होतो."

शोध: हा अलर्ट नेमका कशाला बोलतो?

शेवटचं वाक्य गुरुदास गुरुजींचं. सकाळी फोनवर म्हणाले. त्यांनी मला पहिलीत शिकवलं. अजून त्यांचा आवाज आला की मी खुर्चीत सरळ बसते. मालवणात घरी बसून मी पुण्याच्या एका कंपनीचं काम करते. कॉम्प्युटरमध्ये कोणी घुसलं का, हे पाहायचं काम. माझं गाव वेळणे, खाडीच्या वरच्या अंगाला.

गुरुजींनी आयुष्यभर टेपा भरल्या. दशावतार, देवळातली गाऱ्हाणी, रापणीचं जाळं ओढतानाच्या हाका, आणि आनंदीबाईंच्या ओव्या. आनंदीबाई त्यांची बायको. त्या गेल्या, मग टेपांना बुरशी धरली. त्याआधी गावातल्या प्रीतमने सगळं वाचनालयाच्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं होतं, म्हणून वाचलं. तेव्हापासून रोज पहाटे वाचनालयाच्या कर्ण्यावर एक ओवी लागायची. ती संपेपर्यंत घराघरातून धूर निघायचा. मी सुट्टीला गेले की आधी ओवी ऐकू यायची, मग डोळे उघडायचे, आणि मधल्या त्या क्षणात मी परत शाळेत जाणारी असायचे.

यंदा गावपळण झाली. काही वर्षांनी रवळनाथाचा कौल होतो आणि सगळा गाव वेशीबाहेर पडतो. माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या. गावात जिवंत काही ठेवायचं नाही, आवाज करायचा नाही. खाडीपलीकडच्या शेतात झावळ्यांच्या खोपी घालून राहायचं आणि पुन्हा कौल झाला की परत यायचं. लहानपणी आम्हाला शाळा नाही, अंघोळीची घाई नाही, आणि झोपताना डोक्यावर कौलं नाहीत म्हणून पळण आवडायची. आनंदीबाई खोपीत मुटकुळी करून झोपायच्या आणि आम्हा मुलांना आपल्या पांघरुणात घ्यायच्या.

यंदा गाव परत आला आणि कर्णा वाजलाच नाही. ओव्यांचा फोल्डर गायब. बाकी सगळं जागच्या जागी. जोडीच्या डिस्कवरही नाही, कारण ती मूळची नक्कल करते. मूळ डिस्कवर जे दिसत नाही ते ती आपल्याकडूनही काढून टाकते.

आणि एक अलर्ट. पळणीच्या पहिल्या पहाटेचा. 'फाइल सर्व्हर: संशयास्पद फेरफार.'

वाचनालयाचे अध्यक्ष सत्यवान यांनी तो वाचला आणि व्हायरस ठरवून टाकला. दुपारी कणकवलीचा माणूस येणार, डिस्कवर दिसतं तेवढं उतरवून घेणार आणि डिस्क पुसून कोरी करणार. तोवर मशीन बंद, कपाटाला कुलूप. मशीनला मला हात लावता येणार नव्हता. पण ही राखण मीच हौसेने बसवली होती, त्यामुळे तिची नोंद मलाही मेलवर येते. माझ्याकडे तेवढंच होतं.

ऑफिसात आमचा एक एआय एजंट आहे. त्याला एक साधन जोडलंय. राखणीच्या हजारो नियमांच्या ढिगात तो त्या साधनाने शोधतो. नियमाच्या नंबरावरून, नावावरून, आतल्या अटीवरून. साध्या मराठीत विचारलं तरी चालतं. अलर्टचा नंबर घातला.

उत्तर आलं: 'हा नियम फक्त "हलवा" ही आज्ञा पाहतो. फाइल किंवा फोल्डरचं नाव बदललं, अथवा जागा बदलली, की बोलतो. "संशयास्पद" हा शब्द फक्त शीर्षकात आहे. नियमाच्या अटीत संशयाचं काही नाही.'

बरणीवर लेबल एक, आत लोणचं दुसरं. सत्यवाननी लेबल वाचलं होतं.

मग मी ती आज्ञा पाठवणाऱ्याचा पत्ता पाहिला. बाहेरून त्या मशीनपर्यंत यायची वाट मी तिघांनाच दिली होती, प्रत्येकाला वेगळा पत्ता. प्रीतम, विश्वेश आणि गुरुजी.

पत्ता गुरुजींचा होता.

शोध: मोठ्या फाइल बाहेर गेल्या तर कुठला नियम बोलतो?

स्कूटर काढून वेळण्याला गेले. गुरुजी वाचनालयाच्या पायरीवर बसले होते. कुलूपबंद कपाटाकडे पाठ करून.

"पळणीत फोन तुमच्याकडेच होता ना, गुरुजी?"

"फोन हातात धरून बसतंय काय मी? खोपीत खुंटयेक पिशी, पिशयेत फोन. कोणाकव फोन करूचो आसलो की माझोच न्हेय."

"पहाटे कोणी नेला?"

"रातभर झोप लागना नाय, आणि पहाटे डोळो लागता. कोण इलो, कोण गेलो, माका काय म्हायत? शोधतंस कित्या? मी आज कुडाळाक चललंय. विनीता न्हेवक येता."

विनीता त्यांची एकुलती मुलगी, कुडाळात शिक्षिका; पळणीत त्यांच्याच खोपीत राहिली होती. इतकी वर्षं ती 'चला' म्हणायची आणि हे 'तुझी आवस हय आसा' म्हणायचे.

"आता हय काय आसा?" गुरुजी म्हणाले. "कर्णो आसा. लोखंडाचो."

तिथून विश्वेशकडे. माझ्या वर्गातला. खाडीकाठी त्याच्या पाहुण्यांसाठीच्या खोल्या आहेत. दशावताराच्या टेपा विकत मागितल्या म्हणून गुरुजींनी त्याला वाचनालयातच झापला होता.

"गावात चोरी झाली आणि पयली माझ्याकडे इलंस," तो म्हणाला. "बस. चाय घे. मगे बेड्यो घाल."

"ओव्या तू नेल्यास?"

"ओवये? माका दशावतार व्हयो होतो गो, संध्याकाळी पावण्यांक लावूक. ओवयो लावन पावण्यांक पहाटे उठवलंय तर परत कोण येतलो? माझा रेटिंग आनंदीकाकीन खाल्ल्यान असता." हसला, मग हसू जागच्या जागी थांबलं. "खरा सांगू? माकाय जाग येणा नाय आता. घड्याळ लावचा लागता."

त्याच्या ओट्यावर बसून मी एजंटला विचारलं. नियम होता. एका पत्त्यावरून ठराविकापेक्षा जास्त माल बाहेर जायला लागला की बोलणारा. 'परंतु तो तुमच्या यंत्रणेत चालू आहे की नाही, हे मला दिसत नाही,' असंही एजंटने लिहिलं. मी माझ्या मांडणीची प्रत उघडली. चालू होता. पळणीत एकदाही बोलला नव्हता.

म्हणजे वेळण्याबाहेर काहीही गेलं नव्हतं. शिवाय ज्या टेपांना गिऱ्हाईक होतं त्या दशावताराच्या टेपांना कोणी बोट लावलं नव्हतं. चोराने नेमक्या त्याच उचलल्या होत्या ज्यांना बाजारात कोणी विचारणार नाही, आणि ज्या रोज पहाटे कर्ण्यावर लागतात.

मी चहा तसाच ठेवला. कर्ण्यावर लागतात.

शोध: नोंदीतली ही बारीक ओळ कसली?

नोंदीत अलर्टच्या वर एक फिकट ओळ होती. रोजच असते म्हणून आजवर मी ती वाचलीच नव्हती. नंबर एजंटला दिला.

'माहितीपुरता नियम. कोणीतरी ऑडिओ फाइल वाजवायला घेतली, एवढंच सांगतो.'

ती ओळ रोज पहाटेची. पळणीच्या पहिल्या पहाटेचीही. आणि तिच्या लगेच खाली, ओवी अर्धी झाली नसेल एवढ्या अंतराने, तो अलर्ट. त्यानंतर एकाही पहाटे ती फिकट ओळ नाही.

प्रीतम होडीला रंग देत होता. दोन वर्षं कॉलेज करून परतलेला, वाचनालयाचं सगळं बघणारा. गावात आता त्याच्याशी कोणी नीट बोलत नव्हतं.

"पळणीआधी कर्णा बंद केला होतास?"

"होय तर. सगळा बंद केलंय. मेन स्विच पाडलंय."

"मेन स्विच पाडल्यावर मशीन सौरवर चालतं, प्रीतम. ती बॅटरी तूच बसवलीस."

त्याने ब्रश डब्यात ठेवला. तो पुन्हा उचलला.

"वेळापत्रक ऱ्हवला," तो म्हणाला. "कोंबडये मोजलंय, कुत्र्याक बांधून न्हेलंय, म्हातारेचो पोपट पिंजऱ्यासकट न्हेलंय. आणि मशिनीतला वेळापत्रक ऱ्हवला. परत इल्यार बघलंय तर चालूच. म्हणजे तीनय पहाटे आनंदीकाकी रिकाम्या गावात गायली. मानकऱ्यांक कळला तर माका गावात ठेवतीत?"

"म्हणून गप्प बसलास."

"आणि काय सांगू? माका वाटला, रवळनाथान तिचो आवाज न्हेल्यान. गावात आवाज करूचो नाय म्हटल्यार आमी केलो. चूक माझी, न्हेल्यान गुरुजींचा."

शिकलेला पोरगा, पण हे तो चेष्टेने बोलत नव्हता. मला राग आला नाही. पळणीत लहानपणी आम्ही खाडीपलीकडून आमच्याच घरांकडे बघायचो आणि कुजबुजत बोलायचो. आत्ता आपल्या अंगणात कोण बसलं असेल, असं.

"तिन्ही पहाटे नाही," मी म्हटलं. "पहिल्याच पहाटे, तीही अर्धीच. कोणीतरी तिला थांबवलं. तू नाहीस. तुला वेळापत्रकावर एक बोट ठेवलं की झालं असतं. तू पहिल्या पहाटे कुठे होतास?"

"बापाशीबरोबर होडयेत. बंदराक. फोनाक रेंज खंय?"

थांबवणाऱ्याला वेळापत्रकापर्यंत पोचता येत नव्हतं. त्याच्या हाती गुरुजींचा फोन होता. पहाटेचा मतलई वारा गावाकडून खोपींकडे येतो. तेव्हा पाण्याच्या काठाला जे कोणी जागं होतं त्याने ओवी ऐकली. आणि ऐकून तो घाबरला. देवाला नव्हे. देवाला घाबरला असता तर ओरडून सगळ्यांना उठवलं असतं.

मग कशाला घाबरला?

शोध: फाइल पुसून टाकल्यावर बोलणारा नियम?

होता. चालूही होता. गप्प होता.

कोणी ओव्या नेल्या नव्हत्या, कोणी पुसल्याही नव्हत्या. फक्त 'हलवा' बोलला होता. म्हणजे आनंदीबाईंचा आवाज त्याच डिस्कवर होता, दुसऱ्या नावाने, कुलूपबंद कपाटात. प्रीतमला दिसला नाही, जोडीच्या डिस्कला दिसला नाही. कणकवलीच्या माणसालाही दिसणार नव्हता. आणि तो दिसेल तेवढंच उतरवून बाकी पुसणार होता.

सत्यवानना फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. दुपार कलायला लागली होती.

शोध: घरच्या माणसाने घरच्या फोनवरून केलेला फेरफार ओळखणारा नियम?

'असा नियम सापडला नाही. सर्वांत जवळचे पर्याय दाखवू का?'

नको, मी लिहिलं. फाट्यावर पोचले तर एसटी येत होती.

विनीताताई उतरली. हातात रिकामी बॅग, बापाचे कपडे भरायला आणलेली. मला बघून हसली. "तू हय कशी गो? बाबांका पोचवूक इलंस?"

मी तिला विचारलं नाही. फक्त सांगितलं, "कणकवलीचा माणूस आज डिस्क पुसतोय. सगळी. दिसतं तेवढं ठेवणार, बाकी कोरं."

बॅग तिच्या हातातच राहिली, पण हात खाली गेला.

"पुसता म्हणजे?"

"म्हणजे परत काही मिळणार नाही."

"कोणी सांगल्यानी पुसूक? माका कोणी बोलूक नाय." ती वाचनालयाच्या रस्त्याला लागली होती. मी तिच्या मागे. ती चालता चालता बोलत होती, माझ्याकडे न बघता.

"पळणीत पहाटे तोंड धुवक काठार गेललंय. बाबांचो फोन माझ्या कमरेक होतो, शाळेत कळवचा होता येवचंय नाय म्हणान. आणि पलीकडसून आई गावक लागली. गावात मनीस नाय, कुत्रो नाय, आणि आई गाता. हातातला पाणी तसाच ऱ्हवला. मागे बघलंय तर बाबा खोपीत कूस बदलतत. तेंनी आयकला असता ना, तर पळण नाय, देव नाय, सरळ पाण्यात उतरले असते. तेंका पोहूक येता काय आता?"

"कर्णा बंद करता आला नाही."

"कसो करतत तो? प्रीतम गावना नाय. बाबांच्या फोनात ओवयांचो फोल्डर दिसलो. बोट दाबून धरलंय तर खाली 'लपवा' म्हणान इला. लपवलंय. आई गप्प झाली. 'पुसा' पण होता थय. तेका हात लावलंय नाय."

फोनवर 'लपवा' म्हटलं की फोल्डरच्या नावापुढे एक टिंब लागतं. एवढंच. नाव बदलतं, नियम बोलतो, आणि ज्याला टिंबवाली नावं बघायची सवय नाही त्याच्यासाठी तिथे काही उरत नाही.

"मग परत आल्यावर काढायचं होतं, ताई."

"काढूचाच होता. त्याच सकाळी काढूचा होता." आता ती हळू चालत होती. "बाबा ओट्यार बसले होते. कर्णो वाजलो नाय. रडतीत म्हणान मी कोपऱ्यात उभी. तर तेंनी माका विचारल्यानी, कुडाळाक तुझ्या घराकडे झाडा आसत काय? गौरजा, इतक्या वर्षांत तेंनी माझ्या घराचा कधी काय विचारूक नाय. मी सांगलंय, चिकू आसा. बोलले, येतंय." तिने बॅग दुसऱ्या हातात घेतली. "मगे माझा बोट उचलला नाय. खोली रंगवलंय. म्हटलंय, आवाज खंय पळता? आसा थयच. बाबा रुळले की काढूया."

वाचनालयासमोर पांढरी गाडी उभी होती.

शोध थांबवला

कपाट उघडं. मशीन चालू. कणकवलीचा माणूस खुर्चीत, सत्यवान त्याच्या मागे कमरेवर हात ठेवून.

"दिसता ता सगळा घेतलंय," तो माणूस म्हणाला. "आता पुसतंय."

"थांब," विनीताताई म्हणाली.

"आता काय ऱ्हवला गो विनीता?" सत्यवान वैतागून म्हणाले. "इतके दिस घोळ..."

ती बाहेर पायरीवर गेली. गुरुजी तिथेच होते. "बाबा, फोन."

त्यांनी दिला. तिने तो त्यांच्यासमोरच धरला, बोटाने वरखाली केलं, लपवलेलं दिसायला लावलं, फोल्डरवर बोट दाबून धरलं. आत खुर्चीतला माणूस म्हणाला, "अरे, ह्यो फोल्डर खंयसून इलो?"

प्रीतम धावत आला होता, हाताला रंग. त्याने एक ओवी कर्ण्यावर लावली. भर दुपारी. रस्त्यातल्या बायका डोक्यावरचे भारे तसेच ठेवून थांबल्या. विश्वेश त्याच्या कुंपणापर्यंत आला. खाडीला भरती आली, होडीला जाग आली, आनंदीबाई मधेच एकदा खाकरल्या आणि पुढे गायला लागल्या.

ओवी संपेपर्यंत विनीताताईने सगळं सांगून टाकलं. बापाला, उभ्यानेच. पहाट, पाणी, बोट, चिकूचं झाड. गुरुजींनी मान वर केली नाही.

"मी उतरलो असतंय," ते म्हणाले. "पाण्यात. होय." मग तिच्या हातातला फोन परत घेत, "मगे गप्प कित्या बसलंस?"

"तुमी येतलात म्हणान."

"मारतलो होतो तो मनीस तुझ्या आवशीक. आता पुसून."

"माका म्हायत नव्हता, बाबा."

"नव्हता." त्यांनी पायरीवर शेजारी जागा केली. ती बसली. रिकामी बॅग मांडीवर. सत्यवान आत कणकवलीच्या माणसाला काय द्यायचं यावर बोलत होते, आणि प्रीतम वेळापत्रक तपासत होता, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"मी येत नाय, विनीता," गुरुजी म्हणाले.

"म्हायत आसा."

"जेवलंस?"

"नाय."

"चल. माशे आसत."

ती त्या दिवशी गेली नाही. पहाटे कर्णा वाजला तेव्हा मी त्यांच्याच माजघरात झोपले होते, आणि विनीताताई अंगणात उभी होती, पदर डोक्यावरून घेऊन. पहिल्या एसटीने ती निघाली. गुरुजी फाट्यापर्यंत सोडायला आले. गाडी सुटताना त्यांनी खिडकीशी जाऊन विचारलं, "चिकू धरता काय गो?" ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही.

आनंदीबाईंच्या ओव्यांची सगळ्यात पहिली टेप विनीताने भरली होती. ती तेव्हा तिसरीत होती, आणि गुरुजी शाळेच्या कामाने ओरोसला गेले होते.